कानामागचा आवाज

प्रत्येक घरात एक बाई अशी असते, की तिचं दुखणं हा घरातला सगळ्यांत जुना विषय असतो. तो निघाला की कुणी वर्तमानपत्र उघडतं, कुणी उठून हात धुवायला जातं. "आता आणखी काय?" असं तोंडानं कुणी म्हणत नाही, पण चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसतं. आणि ती बाईही मग अर्ध्यावरच थांबते आणि भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारते.

ही गोष्ट अशाच एका बाईची आहे. सगळी आळी तिला वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं. शाळेच्या गणवेशांचं काम त्या करायच्या. खिसे, कॉलर, काजं, सगळं इतकं नेटकं, की मुलं मोठी होऊन गणवेश आखूड व्हायचा पण शिवण उसवायची नाही.

त्यांचे यजमान पाणीपुरवठा केंद्रात पंपांची देखभाल करायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रींचा कान म्हणजे कान! चालू पंपाला पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "आतलं बेअरिंग जातंय. या आठवड्यात बदला," असं ते म्हणाले, की साहेबसुद्धा वाद घालत नसत.

एका सकाळी मिस्त्री चहा पीत बसले होते. वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या, डावा तळहात कानावर दाबून.

"अहो, आजही येतोय तो आवाज."

"कसला?"

"तोच. हुश्श, हुश्श. कानाच्या मागे. मान दाबली की कमी होतो, सोडली की पुन्हा सुरू."

"पंखा बंद कर."

"पंखा बंदच आहे."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि लेकीकडे बघून डोळे मिचकावले. "चिमणे, आमच्या केंद्रातला एक पंप हरवलाय म्हणे. तुझ्या आईच्या डोक्यात कुणी बसवलाय का बघ बरं!"

कॉलेजला निघालेली चिमणी खळखळून हसली. वहिनीही हसल्या. आता हसण्यावारी गेलेली गोष्ट पुन्हा कशी काढायची? त्यांनी डबा भरला, झाकण लावलं आणि विषय तिथेच संपला.

तसं म्हणाल तर मिस्त्री वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. वहिनी फारच मागे लागल्या तेव्हा ते त्यांना घराजवळच्या डॉक्टरांकडे घेऊनही गेले होते. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, मळ काढायचे थेंब लिहून दिले. थेंबांनी काही फरक पडला नाही, तेव्हा झोपेच्या गोळ्या दिल्या. मग त्यांनी वहिनींच्या डोक्यावरून मिस्त्रींकडे बघत म्हटलं, "या वयात बायकांना होतं असं. मन रमवा त्यांचं."

त्या दिवसापासून घराला एक उत्तर मिळालं. वहिनींनी डोकं दुखतंय म्हटलं, की मन रमव. झोप लागत नाही म्हटलं, की मन रमव. मन रमवायला म्हणून त्या आणखी गणवेश घेऊ लागल्या. यंत्राच्या खडखडाटात तो आवाज जरा बुडायचा, एवढाच काय तो आराम. हळूहळू त्यांनी सांगणंच सोडून दिलं. घरातल्यांना वाटलं, बरं वाटलं असेल.

बरं कुठलं? काही महिन्यांनी वहिनी कात्री उचलायला वाकल्या की डोळ्यांसमोर क्षणभर काळा पडदा येऊ लागला. निळ्या कापडावर काळा दोरा गेला. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. गिऱ्हाईक बाई हसत म्हणाली, "वहिनी, आमचा मुलगा काय दोन्ही हात एकाच बाजूला घेऊन जन्मलाय का?" वहिनींनी माफी मागितली आणि रातोरात बाही उसवून नीट लावून दिली.

हे सगळं एका माणसानं टिपलं होतं. सासूबाईंनी. सासूबाईंना एका कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्या कानाशी ओरडावं लागायचं. पण डोळे घारीचे. एका दुपारी त्यांनी पाहिलं, की सून सुईत दोरा ओवताना सुईकडे बघतच नाहीये. बोटांनी नेढं चाचपडतेय, दोरा चुकतोय, पुन्हा चाचपडतेय.

"दिसत नाही का गं तुला?"

"दिसतं की. जरा धुरकट आहे, आई. चष्मा बदलायला झालाय."

संध्याकाळी मिस्त्री घरी येऊन पायातल्या वहाणा काढतात न काढतात तोच सासूबाई समोर उभ्या राहिल्या.

"हिला सुईचं नेढंही दिसत नाहीये. उद्या हिला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा."

"आई, उद्या कसं जमेल? मोठा पंप उघडून ठेवलाय. अर्ध्या गावाला पाणी नाही. पुढच्या आठवड्यात बघू."

"पंप बंद पडला की लोक बोंब मारतात, म्हणून तू धावतोस. ही बोंब मारत नाही, हा हिचा गुन्हा का?"

"अगं, डॉक्टर म्हणालेत ना, मन..."

"मनाचं नको सांगूस मला!" सासूबाईंचा आवाज चढला. ज्यांना स्वतःला ऐकू येत नाही ती माणसं मोठ्यानं बोलतात, पण हा आवाज त्यातला नव्हता. "माझा कान कसा गेला, ठाऊक आहे तुला? तू पोटात होतास. कानात ठणका लागला. तुझ्या वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, दोन थेंब कोमट तेल घाल. घातलं. पू यायला लागला. माझ्या सासूनं सांगितलं, बाईमाणसानं एवढ्या तेवढ्याचा बाऊ करू नये. नाही केला बाऊ! एक दिवस ठणका थांबला आणि त्याबरोबर ऐकू येणंही थांबलं. सगळे म्हणाले, बघ, राहिलं ना दुखायचं? तेव्हापासून माझ्या सोसण्याचं कौतुक चाललंय या घरात. त्या कौतुकाला आग लागो! मला ऐकू येत नाही, तरी हिचं दुखणं मला कळतं. आणि तुझे दोन्ही कान शाबूत असून तुला कळत नाही?"

मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. आईला आपल्यामुळे नाही, पण आपण पोटात असताना असं काही झालं होतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते वहिनींना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि चष्म्याचा नंबर काढायचं सोडून चिठ्ठी लिहिली. "आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या विभागात जा. डोळ्यांच्या नसा सुजल्यात. हा दाब डोक्यातून येतोय."

मेंदूच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. बुटक्या, केस पांढरे होऊ लागलेले, बोलणं अगदी संथ.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"धुरकट दिसतं तिला," मिस्त्री म्हणाले. "आणि डोकं..."

"मी त्यांना विचारतेय."

वहिनी गोंधळल्या. असं कुणी थेट विचारलं, की उत्तर द्यायची सवयच राहिली नव्हती. मग त्या म्हणाल्या, "आवाज येतो. पण तो... मनाचा असेल."

"कसा येतो? जसा ऐकू येतो तसाच करून दाखवा."

वहिनींनी ओठांनी आवाज काढला. हुश्श. हुश्श. हुश्श. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. आवाज आणि नाडी एकाच ठेक्यात चालली होती. मग त्यांनी गळ्यातली नळी कानाला लावली आणि तिची चकती वहिनींच्या डाव्या कानामागे ठेवली. बऱ्याच वेळानं त्यांनी नळी काढली आणि मिस्त्रींच्या हातात दिली.

"ऐका."

मिस्त्रींनी नळी कानाला लावली.

हुश्श! हुश्श! हुश्श!

आवाज खरा होता! पंखा नव्हता, शेजाऱ्यांचा नव्हता, मनाचा नव्हता. बायकोच्या कानामागे हाडाच्या आत काहीतरी जोरानं वाहत होतं, आणि ते इतकं स्पष्ट होतं की कुणीही, अगदी कुणीही, नुसता कान लावला असता तरी ऐकू आलं असतं! वर्षभर ही बाई याच आवाजात जेवली, झोपली, आपल्या विनोदांना हसली.

"येतोय ना?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. एखाद्या आरोपातून सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "खरंच येतोय ना हो?"

मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली.

तपासण्या झाल्या, मोठ्या यंत्रात डोक्याची चित्रं निघाली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हृदयातून रक्त नेणारी ती धमनी. तिच्यात जोर असतो. रक्त परत आणणारी ती शीर. ती पातळ असते, तिला जोर सोसत नाही. दोघींच्या मध्ये केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, तिथे जोर जिरतो. तुमच्या डोक्यात, कानामागच्या मोठ्या शिरेपाशी, धमन्या मधलं जाळं सोडून थेट शिरेला जोडल्या गेल्यात."

"म्हणजे मेन लाइनचं प्रेशर सरळ सांडपाण्याच्या पाइपात," मिस्त्री पुटपुटले. पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"हो. आणि आता रक्त उलटं फिरून मेंदूच्या लहान शिरांत शिरतंय. कधीही रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्यांच्या नसांवरही त्याचाच दाब आहे." मग त्या वहिनींकडे वळल्या. "हे सुरू व्हायच्या आधी काही मोठं आजारपण झालं होतं? डोकं फार दुखलं होतं?"

वहिनी आठवू लागल्या. "उलट्या-जुलाब झाले होते. अंगातलं पाणीच गेलं होतं. नंतर डोकं असं ठणकायचं, की भिंतीवर आपटावंसं वाटे. पण शाळा उघडायच्या होत्या. मी फडकं घट्ट बांधलं आणि शिवत बसले."

"तेव्हाच बहुतेक त्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी. वाट बंद झाली, की शरीर कधीकधी अशा भलत्या वाटा काढतं."

मिस्त्रींना ते फडकं आठवलं. हिरवं, गणवेशाच्या उरलेल्या कापडाचं. 'काय गं, पैलवान झालीस?' असं काहीतरी आपण म्हणालो होतो.

उपचार ठरले. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी थेट डोक्यापर्यंत न्यायची आणि चिकट औषध सोडून त्या चोरवाटा बुजवायच्या. सकाळी वहिनींना आत नेलं, दुपार उलटल्यावर बाहेर आणलं. शुद्धीवर आल्यावर त्या कितीतरी वेळ छताकडे बघत पडून राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काय होतंय? दुखतंय?" मिस्त्री खाटेवर वाकले.

"नाही. किती शांत आहे हो! एवढी शांतता असते हे मी विसरूनच गेले होते."

चिमणीनं आईचा हात गालाला लावला. सासूबाईंना काय चाललंय ते कळलं नाही, पण सूनबाई रडता रडता हसतेय एवढं दिसलं, आणि त्याही हसल्या. दोन दिवस त्या घरानं दवाखान्याच्या खाटेभोवती सुखाचे काढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "डोकं जरा जड वाटतंय."

एरवी मिस्त्री म्हणाले असते, पडून राहा. आज ते उभेच राहिले. "कसं जड? कुठे? कधीपासून?" वहिनींनी सांगितलं. ते धावत परिचारिकेकडे गेले. ती कामात होती. "काका, एवढं झाल्यावर डोकं दुखायचंच. गोळी देते."

"नाही, ताई. ती 'जरा' म्हणते ना, तेव्हा ते जरा नसतं. हे मला फार उशिरा कळलंय. पाया पडतो, डॉक्टरांना बोलवा."

परिचारिकेनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि फोन उचलला. लगेच पुन्हा चित्रं काढली. डॉक्टरीणबाई आल्या त्या गंभीर चेहऱ्यानं. जोड बुजला होता, पण शिरेतला प्रवाह एकदम मंदावल्यामुळे तिथे नवी गुठळी धरली होती आणि ती पुढे सरकत होती.

"रक्त पातळ करायचं औषध सुरू करावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण मेंदूच्या शिरा इतके महिने ताणलेल्या आहेत. रक्त पातळ केलं तर आत रक्तस्राव होण्याचा धोका आहे. नाही केलं तर गुठळी वाढणार. माझा सल्ला, औषध द्यावं. तुमचं काय म्हणणं आहे?"

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री बायकोकडे वळले. "तू सांग. तुझं डोकं आहे, तुझा जीव आहे. तू म्हणशील तसं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. वहिनींनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "द्या औषध. मला चिमणीचं सगळं बघायचंय अजून."

औषध सुरू झालं. गुठळी थांबली, मग विरघळू लागली. रक्तस्राव झाला नाही. वहिनी वाचल्या! डॉक्टरीणबाई मिस्त्रींना म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मी काही करू शकले नसते." पण ते वाक्य बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आणि का नव्हता ते दुसऱ्या दिवशी कळलं.

वहिनी सकाळी जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "अजून उजाडलं नाही का?"

खिडकीतून ऊन थेट त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं.

डोळ्यांच्या नसांवर महिनोन् महिने दाब होता. त्या आधीच वाळत चालल्या होत्या. गुठळीनं दाब पुन्हा चढला आणि जे उरलं होतं तेही गेलं. "थोडा उजेड, सावल्या, इतपत दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाज सुरू झाला तेव्हाच आला असतात, तर..." आणि त्या थांबल्या. मिस्त्री म्हणाले, "बोला ना. ऐकायलाच हवं मला."

वहिनी घरी आल्या. पुढच्या खोलीत यंत्राशी बसून त्या नुसता हात फिरवायच्या, चाकावरून, पट्ट्यावरून, सुईच्या दांडीवरून. अर्धवट राहिलेले गणवेश चिमणीनं गिऱ्हाइकांना परत नेऊन दिले. एका संध्याकाळी मिस्त्री त्यांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले.

"माझं चुकलं गं. मला माफ कर."



"चुकलं हे खरं आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वाईट वागलात असं मी कुणापाशी म्हणणार नाही. शेवटी तुम्हीच धावलात. पण माफी लगेच मागू नका. ती अजून माझ्यापाशी नाहीये. आणि खरं सांगू? तुमच्यापेक्षा मला माझाच राग येतो. तुम्ही हसायचात ना, तेव्हा मीही हसायचे. का हसले मी? एकदा जरी भांडं आपटून ओरडले असते, तर?"

मिस्त्री रडत होते. वहिनींना ते दिसत नव्हतं, पण कळलं असावं. त्यांनी हात पुढे केला नाही, आणि मागेही घेतला नाही.

पुढे काही महिन्यांनी, जेवणं चालली असताना, चिमणी ताटावरून उठली आणि पोट धरून दारापाशी उभी राहिली. बापानं विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे बाबा. दर महिन्याचं आहे. सगळ्याच मुलींना होतं."

मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला.

"सगळ्यांचं राहू दे. तुझं सांग. कुठे दुखतं? कधीपासून? कॉलेज बुडतं का त्यानं?"

"तुला काय सांगू? मला लाज वाटते."

"वाटू दे. लाजत सांग, पण सांग. मला नको असेल तर आजीला सांग. उद्या मी रजा टाकतो, आपण डॉक्टरकडे जाऊ. आणि पहिल्यानं मन रमव म्हटलं, तर दुसऱ्याकडे जाऊ."

चिमणी बोलू लागली, आधी अडखळत, मग भडाभडा. किती दिवस साठलं होतं कोण जाणे. मधेच मिस्त्रींनी काही म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "तिला तोडू नका. पुरं होऊ द्या." आणि मिस्त्री गप्प बसले. सासूबाईंना एक शब्द ऐकू आला नाही, पण लेकाला असं ताट समोर ठेवून लेकीचं ऐकत बसलेलं पाहून त्यांनी पदरानं डोळे पुसले.

मित्रहो, सोसणं हा काही दागिना नाही. आपण आपल्या आयांना, बायकांना, लेकींना तो घालतो आणि वर त्याचं कौतुक करतो. त्या कौतुकाखाली आजार वाढत राहतो, कधी कानात, कधी डोक्यात, कधी पोटात. डॉक्टर रक्ताच्या चुकलेल्या वाटा बुजवू शकतात, गुठळी विरघळवू शकतात. पण आपण वाया घालवलेले महिने परत आणायचं औषध कुणापाशीच नाही. म्हणून आज घरी गेलात की घरातल्या त्या बाईला विचारा, तुला काय होतंय? आणि ती सांगेल तेव्हा उत्तर तयार ठेवू नका. हसू नका. पूर्ण ऐका आणि तिच्यासोबत उठा.

मिस्त्री आता ऐकतात. घरात सगळ्यांचं ऐकतात. वहिनींना मात्र नजर परत मिळाली नाही, आणि ती आता मिळणारही नाही.